दंडाचा घेर

लहान मूल खंगलें आहे हें ओळखावयास शास्त्र कशाला हवें, असें पुष्कळांस वाटेल. घरांतील आजीबाई नातवाच्या दंडावरील ताइताचा काळा दोरा बोटानें चाचपून पाहते, आणि तो सैल लागला कीं सुनेला विचारते, "अग, पोराचें बाळसें कुठें गेलें?" तिच्यापाशीं तागडी नाहीं, मोजपट्टी नाहीं, पण तिचें निदान बहुधा चुकत नाहीं. मात्र आजीबाईंची ही नजर एका घरापुरती असते. दुष्काळाच्या छावणींत एका सकाळीं शेंकडों मुलें समोर उभीं राहतात, सगळींच रोड दिसतात, आणि दूध मात्र त्यांतील थोड्यांनाच पुरेल इतकें असतें. अशा वेळीं आज ज्याला अन्न दिलें नाहीं तर महिन्याभरांत दगावेल तें मूल कोणतें, हें कोणी आणि कशावरून ठरवावयाचें? या एका प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत वैद्यकानें शंभर वर्षें घालविलीं. आणि अखेरीस तें उत्तर फिरून आजीबाईच्या त्या काळ्या दोऱ्यापाशींच कसें येऊन पोंचलें, ती हकीकत मी आज सांगणार आहें.

मूल मोजण्याची हौस मूळची श्रीमंतांची. फ्रान्समधील माँबेय्यार या सरदारानें १७५९ पासून १७७७ पर्यंत आपल्या मुलाची उंची सुमारें सहा सहा महिन्यांनीं मोजून लिहून ठेविली, आणि त्याचा मित्र ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञानें ती आपल्या ग्रंथांत छापली. मुलाच्या वाढीची इतकी सलग नोंद त्यापूर्वीं कोणी केलेली आढळत नाहीं. परंतु तें मूल खाऊन पिऊन सुखी होतें. मोजण्यामागें कुतूहल होतें, काळजी नव्हती. काळजीपोटीं तराजू हातीं घेतला तो पॅरिसच्या प्येअर ब्यूदँ या प्रसूतितज्ज्ञानें. त्यानें १८९२ सालीं आपल्या रुग्णालयांत तान्ह्या मुलांसाठीं सल्ल्याचा वर्ग उघडला. आयांनीं दर आठवड्यास मूल घेऊन यावें, त्याचें वजन करावें, आणि वजन वाढलें नाहीं तर दुधाची चौकशी करावी, असा त्याचा साधा क्रम होता. मूल आजारी पडण्याची वाट न पाहतां तें वाढतें आहे कीं नाहीं हें पाहावें, ही कल्पना आज सामान्य वाटते. त्या काळीं ती नवी होती.

पहिल्या महायुद्धानें हा प्रश्न युरोपच्या दारांत आणून उभा केला. ऑस्ट्रियाचें साम्राज्य कोसळलें, व्हिएन्ना शहर उपाशी पडलें, आणि अमेरिकेनें तेथील मुलांसाठीं स्वयंपाकघरें उघडलीं. कोणाला जेवूं घालावयाचें हें ठरविण्याचें काम क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाकडे आलें. हा मोठा कल्पक मनुष्य. आज ज्याच्या त्याच्या तोंडीं असलेला 'अॅलर्जी' हा शब्द यानेंच १९०६ सालीं घडविला. पिर्केच्या ध्यानांत असें आलें कीं, निकोप प्रौढ मनुष्याच्या ग्रॅममधील वजनाची दहापट केली आणि तिचें घनमूळ काढलें, तर जी संख्या येते ती त्याच्या बसल्या उंचीच्या सेंटिमीटरांशीं जवळजवळ जुळते. ६५ किलो वजनाच्या मनुष्याचा हा हिशेब मी करून पाहिला. उत्तर ८६ आणि ८७ यांच्या मध्यें येतें, आणि बेताच्या उंचीच्या माणसाची बसली उंची तेवढीच भरते. या गुणोत्तराचे शेंकडेवारीनें आंकडे काढून पिर्केनें त्याला 'पेलिदिसी' असें विचित्र नांव दिलें. ज्या मुलाचा आंकडा साधारण ९४ च्या खालीं जाईल तें अपुष्ट समजावें, असा दंडक पडला. शिवाय डॉक्टरानें मुलाच्या त्वचेंतील रक्त, अंगावरील चरबी, मांसाचा तजेला आणि स्नायू हीं चारहि पाहावींत, आणि त्यांची प्रत दाखविणारा एकच शब्द टिपावा, अशी आणखी एक युक्ति त्यानें काढली होती.

घनमूळ हें नांव ऐकतांच वर्गांतील मुलांचे चेहरे कसे उतरतात हें मीं उभा जन्म पाहिलें आहे. पण डॉक्टरांचेहि उतरत असावेत. पिर्केचीं कोष्टकें तयार होतीं, तरी ही पद्धति पुढें फार चालली नाहीं. तिचें ऐतिहासिक महत्त्व मात्र मोठें आहे. अन्नाचा वाटा कोणाच्या शिफारशीवर किंवा आईच्या रडण्यावर न ठरतां मापावर ठरावा, हा दंडक तिनें मोठ्या प्रमाणावर अमलांत आणून दाखविला.

आतां आपण आफ्रिकेकडे वळूं. सिसिली विल्यम्स ही जमैकांत जन्मलेली इंग्रज डॉक्टरीण १९२९ सालीं गोल्ड कोस्टमध्यें, म्हणजे आजच्या घानांत, सरकारी नोकरीवर गेली. तेथें तिला एक ते चार वर्षांचीं मुलें एका विलक्षण रोगानें मरतांना दिसलीं. पाय सुजलेले, तोंड फुगलेलें, केस तांबूस, कातडी ठिकठिकाणीं काळवंडून सोललेली, आणि मुद्रा अत्यंत चिडचिडी व उदास. विल्यम्सबाईंनीं डॉक्टरी ग्रंथ मिटून ठेवून तेथील बायकांना विचारलें. त्यांच्यापाशीं या रोगाला अगोदरच नांव होतें. अक्रा शहराच्या आसपास बोलली जाणारी गा ही भाषा. तींत त्याला 'क्वाशिओर्कोर' म्हणत. पाठचें भावंड आलें म्हणजे अंगावरून उतरलेल्या वडील मुलाला होणारा रोग, असा त्याचा आशय. आईचें दूध सुटलें आणि त्याच्या जागीं मक्याची पातळ पेज आली. रोगाचें कारण नांवांतच होतें. विल्यम्सबाईंनीं १९३३ सालीं हें वर्णन प्रसिद्ध केलें आणि १९३५ सालीं तें नांवहि वैद्यकाच्या कोशांत आणून बसविलें. हा रोग नवा नसून जुना पेलाग्राच आहे, असा वाद कांहीं वडीलधाऱ्या तज्ज्ञांनीं पुष्कळ दिवस घातला. तो त्यांना सोडावा लागला.

मोजमापाच्या दृष्टीनें या रोगानें मोठाच पेंच घातला. अंगांत पाणी सांचल्यामुळें अशा मुलाचें वजन असावें त्याहून अधिक भरतें. तराजू म्हणतो, ठीक आहे. आणि मूल तर मरणाच्या दारीं असतें. इतकेंच नव्हे, तर योग्य अन्न मिळून तें बरें होऊं लागलें म्हणजे प्रथम सूज उतरते आणि वजन कमी होतें! ज्या कोणाला केवळ आंकडे वाचतां येतात त्याला रोग बळावला असें वाटेल. म्हणून दोन्ही पायांच्या पाठीवर अंगठे तीन सेकंद दाबून धरावे आणि सोडल्यावर खळगा राहतो कीं नाहीं तें पाहावें, ही बिनखर्चाची परीक्षा आजहि सर्व मापांच्या बरोबरीनें केली जाते. तो खळगा दोन्ही पायांवर राहिला, तर वजनाचा आंकडा कांहींहि असो, मूल तीव्र कुपोषितच समजतात.

मेक्सिको शहरांतील बाल रुग्णालयाचे डॉक्टर फेदेरिको गोमेझ यांनीं हें ओळखलें होतें. कुपोषित मुलांपैकीं कोणतीं मरतात हें पाहतां पाहतां त्यांनीं तीन प्रती पाडल्या. त्यांचा १९५६ सालचा लेख जगभर पोंचला. वयाच्या मानानें जें वजन असावयास हवें त्याच्या ७६ ते ९० टक्के भरलें तर पहिली प्रत, ६१ ते ७५ टक्के भरलें तर दुसरी, आणि ६० टक्के किंवा त्याहून कमी भरलें तर तिसरी. सूज असलेलें मूल मात्र थेट तिसरींत. हिंदुस्थानांतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें १९७२ सालीं याच धर्तीवर चार श्रेणी केल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढें गांवोगांवच्या अंगणवाड्यांतून मुलांचीं वजनें होऊं लागलीं. आपल्याकडील वृत्तपत्रांतून 'तिसऱ्या व चौथ्या श्रेणीचीं बालकें' हे शब्द वर्षानुवर्षें येत असत. ते याच वर्गवारीचे. अमेरिकेंतील बॉस्टन शहरांत मोजलेलीं मुलें या टक्केवारीचा शंभराचा आंकडा पुरवीत होतीं.

परंतु वयाच्या मानानें वजन काढावयाचें तर वय ठाऊक पाहिजे. येथें शिक्षक या नात्यानें मला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या जुन्या शाळांतील दाखल-खारीज नोंदवही उघडून पाहिली, तर निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा आढळतो. बाप मुलाला घेऊन येई, जन्मतारीख विचारली तर "पोळ्याच्या आगेमागें" किंवा "बहात्तरच्या दुष्काळाच्या दुसऱ्या साली" असें सांगे, आणि मास्तर शाळा सुरू होण्याच्या सोयीनें १ जून ही तारीख घालून मोकळे होत. मींहि घातली आहे. शाळकरी मुलाच्या बाबतींत यानें फारसें बिघडत नाहीं. पण दीड वर्षाच्या मुलाच्या बाबतींत सहा महिन्यांची चूक प्राणावर बेतूं शकते. आजच्या जागतिक कोष्टकाप्रमाणें बारा महिन्यांच्या मुलग्याचें वजन ६.९ किलोच्या खालीं गेलें तर तें अतितीव्र कमी. अठरा महिन्यांच्या मुलग्याची तीच मर्यादा ७.८ किलो आहे. आतां समोर ७.४ किलोचें मूल आहे. आई म्हणते, वर्षाचें झालें असेल. तसें असेल तर तें रेषेच्या वर आहे. दीड वर्षाचें असेल तर खालीं. सारा निर्णय आईच्या त्या 'असेल'वर टांगलेला!

डेरिक जेलिफ या डॉक्टरांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं १९६६ सालीं लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथांत यावर एक तोड सुचविली होती. प्रत्येक मुलखांतील सण, जत्रा, सुगी, पूर अशा घटनांचें पंचांग तयार करावें आणि त्यावरून वय काढावें. तोड चांगली, पण वेळखाऊ. याहून उत्तम म्हणजे ज्याला वयच लागत नाहीं असें माप सांपडणें. तें दंडांत सांपडलें. जन्मल्यापासून वर्षभर मुलाचा दंड भराभर जाड होतो. त्यानंतर एक ते पांच या वर्षांत बाळपणाची चरबी जाते आणि तिच्या जागीं स्नायू येतात. त्यामुळें घेर जवळजवळ स्थिर राहतो. पोलंडमधील निकोप मुलांच्या मापांवरून तो सुमारें साडेसोळा सेंटिमीटर धरण्यांत आला. मूल उपाशी पडलें म्हणजे चरबी आणि स्नायू हीं दोन्हीहि झिजतात, आणि दंड बारीक होतो. खांद्याचें हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यें पट्टी गुंडाळली कीं काम झालें. मुलाचे कपडे काढावयास नकोत, तें रडलें तरी अडत नाहीं.

या मापाची खरी कसोटी लागली ती नायजेरियांतील यादवी युद्धांत. १९६७ ते १९७० या काळांत बियाफ्रा प्रांत वेढला गेला आणि सुजलेल्या मुलांचीं छायाचित्रें जगभर पसरलीं. तेथें क्वेकर पंथाच्या सेवापथकानें एक काठी केली होती. तिच्यावर उंचीच्या खुणांऐवजीं दंडाच्या मापांच्या खुणा, त्या त्या उंचीला किमान किती दंड हवा त्या जागीं, खोदलेल्या होत्या. प्रथम मुलाचा दंड मोजावयाचा, मग त्याला काठीशीं उभें करावयाचें. त्याचें डोकें त्याच्या दंडाच्या आंकड्याहून वर गेलें, तर उंचीच्या मानानें दंड बारीक, म्हणजे मूल कुपोषित. वजाबाकी नाहीं, भागाकार नाहीं, तराजू नाहीं.

पुढचें पाऊल बगदादचें. तेथील डॉक्टर अदनान शाकिर आणि इंग्रज डॉक्टर डेव्हिड मॉर्ले यांनीं १९७४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत एक तिरंगी पट्टी मांडली. साडेबारा सेंटिमीटरांच्या आंत लाल, साडेबारा ते साडेतेरा पिवळा, पुढें हिरवा. मॉर्ले यांनीं पूर्वीं नायजेरियांतील खेड्यांत वजनाचे तक्ते आयांच्याच हातीं देण्याची प्रथा पाडली होती; हे तक्ते दवाखान्यांत नव्हे, घरीं राहत. त्यांचा सारा ओढा असा कीं, जें मापन निरक्षर बाईलाहि करतां येईल तेंच खरें कामाचें. क्ष-किरणांच्या टाकाऊ फिल्मवरील काळा थर धुऊन टाकला म्हणजे तिचीच न ताणणारी पट्टी होई.

आपल्या देशांतील डॉक्टरांनीं याच कल्पनेला बांगडीचें रूप दिलें. चार सेंटिमीटर आंतला व्यास असलेलें कडें मुलाच्या हातांत घालावयाचें आणि वर सरकवावयाचें. तें कोपराच्या वर गेलें तर मूल कुपोषित. बावीस सप्तमांशानें चाराला गुणलें तर १२.५७ येतात, म्हणजे बगदादच्या पट्टीची लाल मर्यादाच ही! ज्या देशांत तान्ह्या मुलाच्या हातांत मनगट्या आणि दंडांत ताईत असतो तेथें ही परीक्षा कोणालाहि शिकवावी लागूं नये.

इतकें झालें तरी मुख्य प्रश्न शिल्लक होता. दंड बारीक असलेलें मूल खरोखर मरतें का? बांगला देशांतील मतलब या भागांत याचें उत्तर मिळालें. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील तेरा ते तेवीस महिन्यांच्या दोन हजारांवर मुलांचीं मापें घेऊन पुढें दोन वर्षें त्यांच्यावर नजर ठेविली, आणि निष्कर्ष १९८० सालीं छापले. सौम्य व मध्यम कुपोषित मुलांचें मृत्युमान निकोप मुलांहून फारसें वेगळें नव्हतें. परंतु एका मर्यादेखालीं गेलेल्यांत तें एकदम चढलेलें होतें. मृत्यूचें भाकीत करण्यांत दंडाचें माप आणि वयाच्या मानानें वजन हीं दोन अधिक खरीं ठरलीं, आणि उंचीच्या मानानें वजन हें माप मागें पडलें. दंडाच्या पट्टीचा कैवार घेणाऱ्यांना याहून मोठा पुरावा नको होता.

तरीहि उंचीच्या मानानें वजन पाहण्याचा आग्रह धरणारे चुकीचे होते असें म्हणतां येणार नाहीं. जमैकांत संशोधन केलेले जॉन वॉटर्लो यांनीं १९७२ सालीं दाखवून दिलें कीं, वयाच्या मानानें कमी वजन या एका नांवाखालीं दोन निराळीं दुःखें दडलेलीं असतात. एक मूल वर्षानुवर्षें अर्धपोटीं राहून खुजें झालेलें असतें, पण त्याचें अंग बऱ्यापैकीं भरलेलें असतें. दुसरें उंच असतें, पण गेल्या महिन्यादोन महिन्यांत झपाट्यानें वाळलेलें असतें. दोघांचें वय व वजन एकच. पहिल्याला दीर्घकाळ चांगलें अन्न हवें. दुसऱ्याला आजच उपचार हवा. हा भेद वॉटर्लोंनीं पक्का केला. मात्र उंची मोजणें हें सोपें काम नव्हे. दोन वर्षांखालील मुलाला फळीवर निजवून मोजतात, मोठ्याला उभें करून; आणि निजलेली लांबी उभ्या उंचीहून सुमारें ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. एकीनें डोकें धरावयाचें, दुसरीनें गुडघे दाबावयाचे, आणि मूल तर आकांत करीत असतें. एका गांवीं हें काम मीं स्वतः पाहिलें. काट्याचा शून्य कोणी तपासला नव्हता, आणि झोळीचें वजन सर्व मुलांच्या अंगावर चढलें होतें. त्या दिवशीं कागदावर सारा गांव सुदृढ झाला.

तुलनेचीं मुलें कोणतीं घ्यावींत हा वाद २००६ सालीं बऱ्याच अंशीं मिटला. तोंवर चालत असलेलीं अमेरिकन कोष्टकें बहुतांशीं बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांचीं होतीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९७ ते २००३ या काळांत ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारें साडेआठ हजार मुलें मोजलीं. आईच्या दुधावर वाढलेलीं आणि घरची स्थिति बरी असलेलीं मुलेंच त्यांत घेतलीं होतीं. आपल्याकडचीं मुलें दक्षिण दिल्लींतील होतीं. पांच वर्षांपर्यंत या सहाहि देशांतील मुलांची उंची जवळजवळ सारखी वाढते, असें दिसलें. आपलीं पोरें जातीचींच किरकोळ, हें जें आपण सुखवस्तू लोक सहज बोलून जातों, त्याला या मोजणीनंतर आधार उरला नाहीं.

त्यानंतर २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनीं मिळून आजची व्याख्या केली. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी असेल, किंवा उंचीच्या मानानें त्याचें वजन कोष्टकांतील शेवटच्या रेषेखालीं गेलें असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर तें तीव्र कुपोषित. पूर्वीं दंडाची मर्यादा अकरा सेंटिमीटरांची होती. ती अर्ध्या सेंटिमीटरानें वाढविली. बगदादच्या पट्टीवरील जुनी साडेबाराची लाल रेषा आतां हिरव्याच्या कडेला गेली आहे, आणि साडेअकरा ते साडेबारा यांमधील मुलें मध्यम कुपोषित गणलीं जातात.

अर्धा सेंटिमीटर ही क्षुल्लक बाब नाहीं. रेषेच्या आंत आलेल्या मुलाला विशेष आहार मिळतो. त्याला ज्वर वा हगवण असेल तर रुग्णालयांत दाखल करतात, आणि तेथें त्याच्यावर सामान्य मुलाहून निराळे उपचार होतात, कारण शिरेंतून भराभर दिलेलें सलाईन त्याच्या दुबळ्या हृदयाला झेपत नाहीं. पट्टी आणि तराजू हीं दोन्ही नेहमीं एकाच मुलाकडे बोट दाखवीत नाहींत, हीहि अडचण आहेच. पट्टी लहान वयाचीं व खुजीं मुलें अधिक निवडते. उंच, किडकिडीत मूल तिच्यांतून निसटूं शकतें. म्हणून आपल्या देशांतील पोषण पुनर्वसन केंद्रांच्या २०११ सालच्या नियमांत तीनहि कसोट्या ठेवल्या आहेत. जेथें दुसरें कांहीं जवळ नसेल तेथें पट्टीवरच भागवावें लागतें.

आणि ती पट्टी आतां आयांच्या हातीं गेली आहे. आफ्रिकेंतील नायजर देशांत असा प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. खेड्यांतील आयांना रंगीत पट्टी देऊन ती मुलाच्या दंडावर कशी गुंडाळावी एवढेंच दाखविलें. दंडाचा नेमका मध्य मोजून काढावयास सांगितला नाहीं. उजवा हात कीं डावा, याचाहि बाऊ केला नाहीं. मग त्याच मुलांचीं मापें आरोग्यसेवकांनीं पुन्हां घेतलीं. दोहोंत फारसा फरक पडला नाहीं. जेथें पडला तेथें तो बहुतेक रंगांच्या सीमेवर होता. त्या आयांना केंद्रावर जाण्यासाठीं कोणी येऊन सांगण्याची वाट पाहावी लागत नाहीं. पट्टी घरांतच असते, आणि दंड लाल रंगांत आला कीं त्या त्याच दिवशीं मूल पाठीशीं बांधून निघतात.